म्हाताऱ्यांना हिंडू द्या

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. तेव्हापासून अधूनमधून एक पोस्ट फिरत येते: 'यांना काम ना धंदा, फुकट आहे म्हणून हिंडतात आणि नोकरीवर जाणारे उभे राहतात.' खाली शेकडो हसरे चेहरे. मला ते वाचून खरंच वाईट वाटतं. गाड्या वाढवा म्हणा ना, कोण नको म्हणतंय! पण ही माणसं हिंडतात याचा आनंद व्हायला हवा. मुलापुढे हात न पसरता लेकीकडे जाता येतं, बहिणीला भेटता येतं, वाटलं तर पंढरपूर गाठता येतं. म्हाताऱ्या माणसांच्या मनासाठी आपल्या राज्यात अलीकडे झालेलं सगळ्यात मोठं काम कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी या सवलतीचं नाव घेईन.

हे इतक्या ठामपणे म्हणते, कारण आत्याला जवळून पाहिलंय. आत्याचे यजमान गेल्यावर मुलाने तिला वाई तालुक्यातल्या गावाहून पिंपरीला आणलं. अकरावा मजला, सगळ्या सोयी, सूनही मायेची. 'आई, आयुष्यभर राबलात, आता फक्त आराम करा.' भाजी मोबाइलवरून यायची, दूध दाराशी. पेन्शन बँकेत जमा आणि एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण काही महिन्यांत तिचं जेवण तुटलं. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं, पोटात आग पडायची. ईसीजी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. 'वयोमानाने चालायचंच' म्हणत एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. एकदा फोनवर मला म्हणाली, "दुखत काही नाही गं. पण सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली."

आपल्याकडची म्हातारी माणसं 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत. जीव रमत नाही म्हणतात, अंगात त्राण नाही म्हणतात, नाहीतर पोटाची, पाठीची, धडधडीची तक्रार करतात. नैराश्य या वयात बरेचदा असंच अंगावर निघतं आणि सगळं घर पोटाच्या डॉक्टरांकडे खेपा घालत बसतं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या वयस्क लोकांची मोठी पाहणी केली. तीत साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे आठ जणांत नैराश्याची लक्षणं दिसली, पण तसं निदान झाल्याचं सांगणारे शंभरात एकसुद्धा नव्हते. म्हणजे दहातल्या नऊ जणांना आपल्याला काय झालंय हेच कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या हाती पडते ती अ‍ॅसिडिटीची नाहीतर झोपेची गोळी. झोपेच्या गोळ्यांनी या वयात तोल जातो, माणूस रात्री बाथरूमला जाताना पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि मग अंथरूणच धरतो.

म्हणून आधी नीट तपासणी करून घ्या. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम. यातलं काही बिघडलं तरी माणूस मलूल होतो, विसरायला लागतो. कानही तपासा. ऐकू कमी आलं की माणूस बोलण्यातून हळूहळू बाहेर पडतो आणि घरच्यांना वाटतं तो तुसडा झाला. एक गोष्ट मात्र अगदी लक्षात ठेवा: काल-परवापर्यंत ठीक असलेलं माणूस एकाएकी बरळायला लागलं, माणसं ओळखेना, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. लघवीच्या संसर्गानेही असं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोव्यात 'संगाथ' या संस्थेने केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठीपुढची, नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेली १८१ माणसं निवडली. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले आणि निम्म्यांना साध्या समुपदेशकांची सोबत. या समुपदेशकांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती, त्यांना त्या कामापुरतं शिकवलेलं होतं. ते काय करत? समोरच्या अडचणीचे तुकडे पाडून एकेक सोडवायला मदत करत, झोपेची घडी बसवत, मधुमेहासारखी दुखणी सांभाळायला शिकवत आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देत. वर्षभरात नेहमीचे उपचार घेणाऱ्या ९० पैकी १३ जण नैराश्यात गेले. सोबत मिळालेल्या ९१ पैकी फक्त ४. योजनेचा फॉर्म भरायला मदत करणं हा मनाच्या आरोग्याचा भाग मानला, हे मला विशेष आवडलं. कारण हातात स्वतःचे चार पैसे असणं आणि ते कुठे खर्चायचे हे स्वतः ठरवता येणं याने माणसाची मान ताठ राहते.

आत्याला शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. बी-१२ ची इंजेक्शनं झाली, नैराश्याची गोळी सुरू झाली. तिचा गुण यायला काही आठवडे गेले. त्या दिवसांत 'काही उपयोग नाही, बंद करा' म्हणणारे नातेवाईक बरेच भेटले, त्यांचं ऐकलं नाही हे बरं झालं. नुसतं हिंडून सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही. औषध लागतं तिथे लागतंच. पण औषधाने उभं राहिलेल्या माणसाला पुन्हा सोफ्यावरच बसवायचं का? तिचं एटीएम कार्ड तिला परत मिळालं. हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, तरी नोव्हेंबरात ती बँकेतच जाते. रांगेत ओळखीच्या बायका भेटतात, कुणाची सून, कुणाचा गुडघा, सगळ्याची चौकशी होते. हळदीच्या हंगामात पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकातून एसटीने गावी जाते, वाट्याच्या शेतात उभी राहते, गड्याशी हिशोबावरून भांडते. त्या भांडणाचा वृत्तांत ती मला फोनवर अर्धा तास सांगते, आणि तेव्हा तिचा आवाज वेगळाच असतो.

(सोफ्यावर बसवायचं नाही म्हणून नातवंडं दिवसभर गळ्यात टाकायची, असंही नव्हे. आजी-आजोबांना 'आज जमणार नाही' म्हणता आलं पाहिजे.)

निवृत्त पुरुषांचं आणखी अवघड. ज्यांची सगळी ओळखपाळख कचेरीतच होती आणि पत्नीही गेली, त्यांना हाक मारणारं कुणी उरत नाही. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर तुम्ही जा, दुसऱ्या दिवशी ते आपले जातील. घरात कुणी जगणं नको झाल्यासारखं बोलत असेल, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. छळ, एकटेपणा, पेन्शनची अडचण यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७.

आणि एसटी महामंडळाला, आमदार-खासदारांना एक कळकळीची विनंती. तिकीट माफ केलंत, आता पायऱ्यांची उंची कमी करा, स्थानकात बसायला पाठ टेकता येईल असे बाक द्या आणि बायकांची स्वच्छतागृहं पाण्यासकट चालू ठेवा. प्रवासाच्या दिवशी आत्या सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, आणि तिच्या वयाच्या कितीतरी बायका तेच करतात. लघवीच्या संसर्गाला निमंत्रण असतं ते. स्थानकातली एक स्वच्छ मोरी त्यांचा प्रवास सुखाचा करेल, तेवढी तरी या वर्षी करा.