भाषण एका दमात रेकॉर्ड करा

वक्तृत्वाच्या वर्गासाठी पाच मिनिटांचं भाषण व्हिडिओवर करून पाठवायचं होतं. मी ते सतरा वेळा रेकॉर्ड केलं. एखादा शब्द अडखळला की थांबायचं, पुसायचं, पुन्हा 'नमस्कार'पासून सुरू. शेवटी पाठवलेल्या व्हिडिओत एकही चूक नव्हती, पण ते भाषणही नव्हतं. पाठांतर होतं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे : असं भाषण एका दमात, काटछाट न करता रेकॉर्ड करावं आणि समोर तीन-चार माणसं बसवावीत. कॅमेरा मान डोलवत नाही, त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. मुद्दा पोचला की नाही, हे समोरच्या चेहऱ्यावरच कळतं. आणि माणसं बसलेली असली की चुकल्यावर पहिल्यापासून सुरू करता येत नाही, वाक्य सावरून पुढे जावंच लागतं. हे सावरणंच तर शिकायचं असतं!

बाकी तयारी थोडीच. फोन डोळ्यांच्या उंचीवर, खिडकी पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. हातवारे दिसावेत म्हणून फोन लांब ठेवलात, तर कॉलरला माइक लावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो.

स्वतःचा आवाज ऐकून दचकू नका. बोलताना तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून येणारा उरतो. लोक रोज आपला तोच आवाज ऐकतात, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मैत्रिणींना समोर बसवून रेकॉर्ड केलं तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती, हात थरथरत होते. व्हिडिओत त्यातलं जवळजवळ काहीच दिसलं नाही. साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच दाखवून दिलं : वक्त्याला वाटते तेवढी त्याची घबराट श्रोत्यांना दिसत नाही. इतकंच नाही, ज्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली त्यांची भाषणं अधिक चांगली झाली. शिक्षकांनी ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

मध्ये एकदा मी पुढचा मुद्दा साफ विसरले होते. ती शांतता मला संपता संपेना. व्हिडिओत मोजली, तर चार सेकंद! पाहणाऱ्याला वाटावं, मी मुद्दामच थांबले. पहिल्या सोळा व्हिडिओंत अशा किती जागा असतील कोण जाणे. मी त्या न बघताच पुसून टाकल्या.