‘एक दिवस उपाशी ठेवा’ हा सल्ला पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो

कुत्र्याचे पिल्लू नव्याने घरी आले आणि त्याला जुलाब सुरू झाले की एक ठरलेला सल्ला हातोहात पुढे पाठवला जातो: ‘जागा बदलली की पोट बिघडतेच, चोवीस तास उपाशी ठेवा, मग थोडे दूध द्या, तरी थांबले नाही तर माणसांची जुलाबाची अर्धी गोळी द्या, दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होते.’ यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि त्याच्याच आधाराने पुढची चुकीची वाक्ये खपून जातात.

आईपासूनची ताटातूट, नवी जागा आणि एकदम बदललेले खाणे यांमुळे शी पातळ होते, हे मान्य. असे पिल्लू मात्र खेळते, खाते, पाणी पिते. आधीचे खाद्य पुन्हा सुरू करून नवे खाद्य सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत नेले की ते बहुधा सावरते. पण हेच वय जंतांचे आणि जिआर्डियासारख्या परजीवींचेही असते. गोलकृमी तर आईच्या गर्भाशयातून आणि नंतर तिच्या दुधातूनच पिल्लात शिरतात, त्यामुळे स्वच्छ जागी वाढलेले पिल्लूही त्यांतून सुटत नाही. सर्वांत घातक म्हणजे १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणू. त्याची लक्षणे लागण झाल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांनी दिसतात. म्हणजे जुन्या जागी झालेली लागण नेमकी नव्या घरातल्या पहिल्या आठवड्यात उघड होते आणि तिचे खापर जागाबदलावर फुटते. एक लस झाली आहे, एवढ्यावरही निर्धास्त राहता येत नाही, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) सुरुवातीच्या लसी निष्प्रभ करू शकतात आणि म्हणूनच हे डोस किमान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत चालू ठेवावे लागतात.

उपाशी ठेवण्याचा सल्ला मला सर्वांत धोकादायक वाटतो. लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो. काही तास पोटात काही गेले नाही तर, विशेषतः छोट्या जातींमध्ये, रक्तातली साखर घसरते, पिल्लू लटपटते, थंड पडते, प्रसंगी त्याला झटके येतात. उलटी होत नसेल तर पचायला हलके अन्न थोड्या थोड्या वेळाने द्यावे आणि पाणी कधीही तोडू नये.

दुधाचे थोडक्यात सांगता येईल: आईचे दूध सुटल्यावर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवण्याची क्षमता कमी होते आणि त्याने जुलाब वाढतात.

गोळीचे तसे नाही. माणसांच्या जुलाबाच्या गोळीत सहसा असणारे लोपरामाइड हे औषध आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे संसर्ग असेल तर जंतू आणि त्यांचे विष आतच साचून राहते. शिवाय कोलीसारख्या मेंढपाळ जातींतल्या अनेक कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, ज्यामुळे हे औषध मेंदूत शिरते. अर्धी गोळी म्हणजे सौम्य मात्रा, हा हिशेब दोन किलोच्या जिवाला लागू पडत नाही.

राहिला ‘दोन-तीन दिवस’ थांबण्याचा प्रश्न. पिल्लाचा वरचा ओठ हलकेच उचलून हिरडीवर बोट दाबून पाहावे. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी आणि हिरडी ओली, गुळगुळीत लागायला हवी. ती चिकट, कोरडी किंवा फिकट असेल, उलट्या होत असतील, शीमध्ये रक्त असेल, पिल्लू खात नसेल किंवा मरगळून पडले असेल, तर थांबणे नाही; पशुवैद्यकाकडे तत्काळ न्यावे. पार्व्होवर वेळेत सलाईन आणि इतर उपचार मिळालेली बहुसंख्य पिल्ले वाचतात, न मिळालेली बहुसंख्य दगावतात. जाताना ताज्या शीचा नमुना बंद डबीत घ्यावा, कारण पार्व्होची प्राथमिक चाचणी त्यावरच काही मिनिटांत होते. दवाखान्यात आधी फोन करून जुलाबाची कल्पना द्यावी आणि तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नये. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि शेजारच्या माणसाच्या मांडीवरचे पिल्लू कदाचित पहिल्याच लसीसाठी आलेले असते.