बारा पीसी आणि एक वायरमन

हार्डवेअरचं वेड असलेल्या माणसांनी एकत्र बसून काहीही ठरवू नये असं माझं आता स्पष्ट मत झालंय. एकेकटी असतात तेव्हा ही माणसं सोन्यासारखी असतात हो, रात्री दोनला फोन करून "पीसी चालू होत नाहीये रे" म्हणलं तरी अर्धवट झोपेत "रॅम काढ, पुसून परत बसव" सांगतील आणि वर सकाळी झालं का ते विचारतील. पण तीच दहा-बारा जणं एका टेबलाभोवती बसवा आणि म्हणा की आपल्यासारख्यांसाठी गेमिंग लाउंज काढायचंय, सगळ्यांनी मिळून, बारा पीसी, तर पहिलं काय ठरवायचं? आमच्यात पहिली चर्चा झाली ती प्रोसेसर आणि त्याच्या कूलरच्या मध्ये लावतात ती थर्मल पेस्ट कशी लावायची यावर. मधोमध एक ठिपका देणारे एका बाजूला, फुली मारणारे दुसऱ्या बाजूला आणि प्लास्टिकच्या कार्डाने निगुतीनं सगळीकडं सपाट पसरणारे तिसऱ्या बाजूला. या सगळ्यानं फरक पडला तर एखाद-दुसऱ्या अंशाचा पडतो, पण लोक तावातावानं उभे राहून बोलत होते. जागा अजून बघायची होती.

एक्सेल शीट माझ्या गळ्यात पडली, कारण मीटिंगला वेळेवर पोचलेला मी एकटाच होतो. शीटमध्ये ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, फॅन, जास्तीचे फॅन, त्याहून जास्तीचे फॅन अशा ओळी भराभर भरल्या आणि अगदी तळाला मी आपलं लिहिलं, खुर्च्या. त्यासमोर कोणीतरी "नंतर बघू" टाकलं. माणूस सलग चार-पाच तास ज्याच्यावर बसणार ते नंतर बघू, आणि ज्या केबल कोणाला दिसणारसुद्धा नाहीत त्या विणलेल्या कापडी आवरणाच्याच पाहिजेत, यावर मात्र एकमत.

मग जागा मिळाली आणि वायरमनकाका आले. त्यांनी खोली बघितली, मीटर बघितला, मग आमच्याकडं बघितलं.

"किती कॉम्प्युटर?"

"बारा."

"एक किती वॅट खातो?"

झालं. इतका साधा प्रश्न आमच्या लोकांना कोणी विचारूच नये. एक म्हणाला साडेआठशे वॅटचा पीएसयू (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे, दुसरा म्हणाला अरे ते रेटिंग आहे, तेवढी ओढत नाही तो, तिसऱ्यानं विचारलं त्याचा एफिशियन्सीचा शिक्का गोल्ड का प्लॅटिनम, चौथा म्हणाला एफिशियन्सी कुठल्या लोडला मोजायची ते आधी ठरवा, आणि आमचा ओव्हरक्लॉकिंगवाला, जो कंपनीनं दिलेल्या वेगावर काही चालवणं अपमान समजतो, तो काकांना बाजूला घेऊन सांगायला लागला की ग्राफिक्स कार्ड क्षणभर एकदम दुप्पटसुद्धा ओढू शकतं, ट्रान्झियंट स्पाइक म्हणतात काका त्याला. काका शांतपणे म्हणाले, "बाळांनो, मला आकडा सांगा."

आरटीएक्स ४०९० ला एकट्या कार्डाला ४५० वॅट लागतात, ५०९० ला ५७५, आणि आमची स्वप्नं त्याच पातळीवर चालू होती. बरीच घासाघीस होऊन स्वप्नं खाली उतरली आणि मॉनिटर धरून एका पीसीला ६०० वॅट धरायचे असं ठरलं. बारा सक बहात्तर, म्हणजे ७२०० वॅट, २३० व्होल्टला साधारण ३१ अँपिअर, एसी अजून धरलेलाच नाही. काका म्हणाले, "म्हणजे बंद खोलीत सात किलोवॅटचा हीटर लावताय तुम्ही." सगळे हसले. काका हसले नाहीत, कारण ते जोक करत नव्हते. पीसी जेवढी वीज खातो ती शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊन त्याच खोलीत बाहेर पडते, मग तुम्ही त्याच्यावर गेम खेळा नाहीतर लॉगिन स्क्रीन बघत बसा... बरं, लॉगिन स्क्रीनला कमी खातो, पण मुद्दा कळला असेल.

त्यावर एकानं लगेच उपाय सांगितला की मग लिक्विड कूलिंग घेऊया, गरमच होणार नाही. हा माणूस स्वतः पीसी बांधतो! लिक्विड कूलिंग म्हणजे प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरमधून खोलीत सोडायची, ती काय कुठं गावाला जात नाही. मग माणसंही धरा, बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो, बारा जणांचे १२०० झाले, चिडलेला असेल तर जास्तच. एकूण ८४०० वॅट. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकणार, म्हणजे अडीच टन लागला नुसता हिशोब जमवायला, ऊन वगैरे वेगळं. एसीची ओळ शीटमध्ये टाकल्याबरोबर दोन ग्राफिक्स कार्डं गळाली आणि खोलीत दुखवट्याचं वातावरण पसरलं.

काकांनी मात्र चार वेगळ्या लाइनी, एका लाइनीवर तीनच पीसी, प्रत्येकीला वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), एसीचं सगळं स्वतंत्र आणि सगळ्यात आधी अर्थिंग तपासायचं, असं तोंडानं सांगून एका कागदाच्या मागं लिहूनही दिलं. अख्ख्या प्लॅनमधला हा एकच कागद आहे ज्याच्यावर वाद झाला नाही, कारण तो काकांशिवाय कोणाला वाचता येत नाही.

शांततावाला आणि लाइटवाला यांचं काय करायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही. शांततावाल्याला फॅनचा आवाज सहन होत नाही, तो खोलीत आला की आधी कान देऊन उभा राहतो आणि "तिसऱ्या पीसीचं बेअरिंग गेलंय" असं सांगतो, आणि च्यायला खरंच गेलेलं असतं. त्याला निळे स्विच असलेले मेकॅनिकल कीबोर्ड नकोत, ते कटाकटा वाजतात म्हणून, आणि बाकीच्यांना ते वाजतात म्हणूनच हवेत. त्यानं जमिनीवर जाड कार्पेट सुचवलं तेव्हा मात्र बाकी सगळे एकदम ओरडले, स्टॅटिक! (कार्पेटवर घासून अंगात साठते ती वीज, पार्ट जाळू शकते.) लाइटवाल्याचा वेगळाच ताप. त्याला बाराच्या बारा पीसी एकाच रंगात एकाच वेळी पेटायला हवेत, आता मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, फॅन तिसरीचे आणि प्रत्येकीचं लाइटचं सॉफ्टवेअर वेगळं, ती एकमेकांच्या हातातून रंग हिसकावून घेतात. निळं करायला गेलं की रॅम इंद्रधनुष्य दाखवत बसते.

मॉनिटरचा विषय निघाला तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो होतो. २४० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणाराच पाहिजे म्हणून एक जण हट्टाला पेटला. आता ६० हर्ट्झला एक फ्रेम साधारण १६.७ मिलीसेकंद टिकते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२, म्हणजे पहिली उडी मोठी आणि दुसरी पावणेतीन मिलीसेकंदांची, पण हा म्हणे मला १४४ वर डोळे दुखतात, झटके जाणवतात. त्याच्या घरी जाऊन बघितलं तर १४४ चा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला, घेतल्यापासून. त्यानंतर त्यानं मॉनिटरचा विषय काढला नाही, मायक्रोफोनचा काढला.

नेटवर्कवाला हा आमच्यातला एकमेव माणूस ज्याला मी मनातून मानतो. त्यानं फळ्यावर लिहून दाखवलं की १०० जीबीचा गेम एक गिगाबिटच्या लाइनवर, सगळं आदर्श धरलं तर, तेरा-चौदा मिनिटांत उतरतो, पण बारा पीसी एकदम बसले आणि त्याच लाइनीवर प्रत्येकानं स्वतःचं वेगळं डाउनलोड लावलं तर तोच गेम दोन तास चाळीस मिनिटं. म्हणून गेम बाहेरून एकदाच आणायचा आणि मग आतल्या आत वाटायचा. गेम विकणाऱ्या स्टीमनं २०२३ मध्ये ही सोय दिलीय, एका पीसीवर गेम असला की दुसरा तो लॅनवरूनच, म्हणजे खोलीतल्या नेटवर्कवरूनच उचलतो. फक्त, तो शेवटी म्हणाला, कोणीतरी एका पीसीवर आधी गेम टाकून ठेवायला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ज्यांना स्वतःचा पीसी आणून लावायचाय त्यांच्यासाठी एक टेबल ठेवूया अशीही टूम निघाली. कल्पना जुनीच आहे म्हणा, स्वीडनमधलं ड्रीमहॅक हे गेमिंगचं संमेलन १९९४ मध्ये एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये भरायचं ते लोकांनी आपापले कॉम्प्युटर उचलून आणूनच. पण तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये दोन किलोची ग्राफिक्स कार्डं आडवी लोंबकळत नव्हती, आता एखादा खड्डा लागला की कार्ड बसतं त्या स्लॉटची काळजी. तरी स्क्रूड्रायव्हर, चुंबकी ट्रे, टॉर्च आणि जास्तीच्या स्क्रूंचा डबा असलेलं ते टेबल सगळ्यात आधी तयार झालं आणि खोलीतली सगळ्यात चांगली जागा त्यालाच मिळाली. खुर्च्या तेव्हाही नंतर बघू.

शेवटी रंगीत तालीम ठरली. बाराही पीसी एकदम चालू केले, एमसीबी पडली नाही, वायरमनकाकांनी मिशीला हात लावला. पुढचे तीन तास जे चाललं ते बघण्यासारखं होतं. प्रत्येकानं आपापला बेंचमार्क, म्हणजे पीसीचा वेग मोजणारी चाचणी लावली, एकमेकांचे स्कोअर बघितले, ज्याचा कमी आला त्यानं साइड पॅनल काढलं, मग त्याच्या शेजारच्यानं विनाकारण काढलं. एक जण टॉर्च घेऊन सगळ्या कार्डांचे पॉवर कनेक्टर पूर्ण आत गेलेत का ते बघत फिरत होता, २०२२ साली ते वितळल्याचे फोटो बघितल्यापासून तो असाच आहे. शांततावाला कोपऱ्यात पाचव्या पीसीला कान लावून. लाइटवाल्याचे अकरा पीसी जांभळे झाले होते आणि बाराव्याशी त्याचं भांडण चालू होतं.

ओव्हरक्लॉकिंगवाल्यानं आपल्या भाच्याला सोबत आणलं होतं, आठवी-नववीतला मुलगा. तो बिचारा बराच वेळ सगळ्यांच्या मागून फिरला, मग एका पीसीसमोर उभा राहिला (खुर्ची नव्हतीच), माउस हातात घेतला आणि म्हणाला, "मामा, गेम कुठला टाकलाय?"

सगळ्यांनी नेटवर्कवाल्याकडं बघितलं. नेटवर्कवाल्यानं माझ्याकडं. मी शीट उघडली, वरपासून खालपर्यंत बघितली.

"टाकतो की, त्यात काय," मामा म्हणाला आणि भाच्याच्या हातातून माउस काढून घेतला. "थांब फक्त जरा, आधी मदरबोर्डचं बायोस अपडेट करून घेतो."