पेनल्टीचा पास बेकायदा नसतो

फुटबॉलमधली मेस्सी-सुआरेझची ती पेनल्टी सोशल मीडियावरच्या एका पोस्टमधून पुन्हा फिरते आहे. १४ फेब्रुवारी २०१६, बार्सिलोना विरुद्ध सेल्टा विगो. मेस्सीने चेंडू हलकेच पुढे सरकवला आणि मागून धावत आलेल्या सुआरेझने गोल ठोकला. खाली ठरलेली ओळ: ‘पेनल्टी थेट गोलवरच मारावी लागते. दुसऱ्याने मारलेला गोल बेकायदा. नाव मोठं, म्हणून रेफरी गप्प.’

‘थेट गोलवरच’ असं फुटबॉलच्या नियम क्रमांक १४ मध्ये, म्हणजे पेनल्टीच्या नियमात, कुठेही नाही. चेंडू पुढच्या दिशेने जायला हवा, एवढंच. पुढे जाणार असेल तर टाचेनेही मारा.

‘दुसऱ्याने मारलेला गोल बेकायदा’ हे तर उलटंच. दुसऱ्यांदा चेंडू खेळायला बंदी असते ती किक मारणाऱ्याला, तीही दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत. १९८२ मध्ये आयाक्सच्या क्रॉयफने पेनल्टीवर ओल्सेनला पास दिला, त्याच्याकडून परत घेतला आणि स्वतः गोल केला. मधे ओल्सेनचा पाय लागला होता, त्यामुळे गोल चोख. हेच २००५ मध्ये आर्सेनलच्या पिरेसला करायचं होतं. ऑन्रीला पास देताना पाय नीट बसला नाही, दोनदा स्पर्श झाला आणि फ्री किक मँचेस्टर सिटीला मिळाली. फसला तो पास, नियम नव्हे.

सुआरेझवर आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळा घ्या: किकआधी तो पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, शिरला होता का? किक होईपर्यंत बाकीच्यांनी बॉक्सबाहेर, चेंडूच्या मागे आणि ९.१५ मीटर लांब थांबायचं असतं. पण या वादात पास वैध की अवैध हा मुद्दाच येत नाही.

‘नाव मोठं’ म्हणणाऱ्यांसाठी: बेल्जियमच्या कोपेन्स आणि पीटर्स यांनी आइसलँडविरुद्ध हीच युक्ती १९५७ मध्ये केली होती. मेस्सीच्या जन्माला तेव्हा तीस वर्षं होती.

याच पोस्टखाली कुणीतरी अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या हुलियान अल्वारेझचं उदाहरण डकवतो. मार्च २०२५, रेआल माद्रिदविरुद्धचं शूटआउट, म्हणजे विजेता ठरवण्यासाठी आळीपाळीने मारायच्या पेनल्टी. पाय घसरला, दुसऱ्या पायाचा चेंडूला स्पर्श झाला, गोल रद्द. ते दोनदा स्पर्शाचं प्रकरण होतं, पासचा तिथे संबंधच नाही. शूटआउटमध्ये पास देणार तरी कुणाला? बाकीचे सहकारी मधल्या वर्तुळात उभे असतात. शिवाय त्याच वर्षी जूनमध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने खुलासा केला: असा स्पर्श चुकून झाला आणि चेंडू जाळ्यात गेला, तर किक पुन्हा घ्यायची.