वृद्ध होण्यापूर्वी प्रकृती कमवा

आपण लवकरच साठी ओलांडणार असाल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन, आणि लगोलग एक कळकळीची सूचना. म्हातारपणासाठी चार पैसे गाठीला बांधावेत, असे आपल्याला आजवर सर्वांनीच सांगितले असेल. परंतु ज्येष्ठांसाठी शासनाने आणि महापालिकेने उभारलेल्या सोयींचा लाभ घ्यायचा असेल, तर गाठीला बांधायच्या खऱ्या वस्तू म्हणजे भक्कम गुडघे, तीक्ष्ण नजर, शाबूत कान आणि बोटांवरचे ठसे. अशक्त माणसाने म्हातारे होण्याच्या भानगडीत पडू नये, त्याला ते झेपत नाही.

प्रथम आपण नेमके कधी म्हातारे होणार, हे ठरवून घ्यावे. बँकेच्या लेखी आपण ६०व्या वर्षी ज्येष्ठ होता आणि ठेवीवर थोडे जास्त व्याज मिळवता. एसटीच्या लेखी मात्र ६५ वर्षांपर्यंत आपण तरुणच असता, त्यानंतर अर्ध्या तिकिटाइतके वृद्ध होता, आणि पूर्ण वार्धक्य ७५व्या वर्षी येते. ऑगस्ट २०२२ पासून त्या वयाच्या प्रवाशांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ही सवलत अगदी खरी आहे आणि कौतुकास्पदही आहे. फक्त गाडीची पहिली पायरी तेवढी जमिनीपासून इतक्या उंचीवर असते, की पंचाहत्तरीपर्यंत रोज न चुकता उठाबशा काढलेल्या माणसालाच हा प्रवास फुकट पडतो. रेल्वेचे प्रेम याहून सखोल आहे. पूर्वी तेथे ६० वर्षांच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात वृद्धांनी विनाकारण फिरू नये म्हणून ती थांबवण्यात आली, आणि साथ ओसरली तरी आपल्याविषयीची ती काळजी काही ओसरलेली नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरताना आपली दृष्टी उत्तम हवी, कारण या योजनेतून ६५ वर्षांवरील गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. अर्जावरचा बारीक मजकूर आपल्याला विनासायास वाचता आला, की आपण चष्म्यासाठी अर्ज करू शकता. श्रवणयंत्र हवे असल्यास खिडकीच्या पलीकडून पुटपुटलेला कागदपत्रांचा तपशील एका दमात ऐकून घ्यावा. दुसऱ्यांदा विचारू नये, मागे रांग असते.

तीर्थदर्शन योजनेत तर हा विचार अधिकच प्रामाणिकपणे मांडलेला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रतिव्यक्ती ३०,००० रुपयांपर्यंतचा खर्च शासन करते, मात्र प्रवासास आपण सक्षम असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. देवाकडे प्रकृती मागायला जायचे, तर आधी ती डॉक्टरांकडून लिहून आणावी, हे तर्कशुद्धच आहे.

गरिबीच्या बाबतीतही थोडा सराव हवा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात, त्यासाठी वय ६५ आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे साऱ्या कुटुंबाने मिळून दिवसाला साडेसत्तावन्न रुपयांत राहून दाखवायचे आणि तसा तहसील कार्यालयाचा दाखलाही आणायचा. तेथे जाण्यायेण्याचा खर्च अर्थातच त्या साडेसत्तावन्नातून करायचा. योजनेचे नाव ज्याने कोणी ठेवले, त्याचा पुराणाचा व्यासंग दांडगा असला पाहिजे. श्रावणबाळ आईवडिलांसाठी पाणी आणायला गेला खरा, पण त्याच्या हातून ते पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. एखाद्या महिन्यात आपला हप्ता खात्यात आला नाही, तर ही कथा आठवावी.

आता सर्वांत अवघड विषयाकडे वळू, तो म्हणजे जिवंत असणे. आपण जिवंत आहात, अशी आपली समजूत असेल, पण समजुतीवर निवृत्तिवेतन मिळत नाही. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ पासून हा दाखला डिजिटल झाला असून, बोटाचा ठसा यंत्रावर टेकवला की आपण वर्षभरासाठी जिवंत होता. चाळीस वर्षे भाकरी थापलेल्या, धुणीभांडी केलेल्या, कोयता किंवा थापी धरलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत, हे यंत्राला ठाऊक नसते. म्हणून उमेदीच्या काळात कष्टाची कामे कटाक्षाने टाळावीत आणि निदान दोन बोटे म्हातारपणासाठी राखून ठेवावीत. ती झिजली असतील, तर चेहरा दाखवण्याची सोय आहे. मोबाइलसमोर डोळे उघडे ठेवून बसावे आणि सांगितल्यावर पापणी लववावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सतत पापण्या लवणाऱ्या एखाद्या आजींना येथे स्वतःच्या चैतन्याला आवर घालावा लागतो. एवढे होऊन ओटीपी येतो, तो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा त्या वेळी बैठकीत असतो. तो बाहेर येईपर्यंत आपण तांत्रिकदृष्ट्या ना इकडचे ना तिकडचे असता. जपाला हा वेळ उत्तम.

हाच मुलगा आपल्याला सांभाळत नसेल, तरी घाबरू नये. २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दाद मागता येते आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. फक्त त्या कार्यालयापर्यंत स्कूटरवरून नेऊन सोडायला कोणाला सांगायचे, आणि सुनावणी संपल्यावर रात्री जेवायला कोणाच्या घरी जायचे, एवढे दोन किरकोळ प्रश्न कायद्याने आपल्यावर सोपवले आहेत. बोलून मन मोकळे करायचे असेल, तर १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत चालू असते. तेव्हा रात्री तीन वाजता जाग येऊन एकटेपणा दाटून आला, तर तो सकाळी आठपर्यंत नीट धरून ठेवावा.

दाखले आणि कार्यालये यांतून वेळ उरलाच, तर आपल्या प्रभागातल्या विरंगुळा केंद्रात जावे. ते शोधणे सोपे असते, कारण त्याच्या फलकावर केंद्राच्या नावाहून संकल्पकाचे नाव मोठे असते. केंद्र बहुधा पहिल्या मजल्यावर असते, कारण तळमजल्याला भाडे चांगले येते. आत एक कॅरम बोर्ड असतो, त्याची राणी हरवलेली असते, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते गावाला गेलेले असतात. अशा वेळी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून इतर सभासदांची वाट पाहावी. खरे सांगायचे, तर खरा विरंगुळा त्या पायरीवरच होतो, आणि तेथे कोणताही दाखला लागत नाही. ही गोष्ट आपल्यातच ठेवावी, नाही तर पायरीसाठीही अर्ज निघेल.

१ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, केंद्राला किल्ली हमखास सापडते. चारच्या कार्यक्रमाला साडेतीनला जाऊन बसावे, प्रमुख पाहुणे सहाला येतात. दुपारपासून पाणी पिऊ नये, कारण स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे. पाहुणे आपल्याला ‘समाजाचा अनमोल ठेवा’ म्हणतील. ठेव्याने हलायचे नसते, हे ध्यानात ठेवावे. शाल, श्रीफळ आणि पेढा स्वीकारावा. मधुमेहाचा उल्लेख करू नये. दोन शब्द बोलण्याची विनंती झाली, तर नम्रपणे सांगावे की जिन्याला एका बाजूने तरी कठडा बसवून मिळावा. पाहुणे ही सूचना अत्यंत गांभीर्याने घेतील आणि केंद्रावर आणखी एक मजला चढवून तेथे ज्येष्ठांसाठी अद्ययावत व्यायामशाळा उभारण्याची घोषणा जागच्या जागी करतील. टाळ्या आपणही वाजवाव्यात. टाळ्यांनी रक्ताभिसरण सुधारते, असे हास्यक्लबात सांगतातच.