काउंटी : पुणे

२०२३चा उन्हाळा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गांजा कायदेशीर करायचा प्रश्न मतपत्रिकेवर यावा म्हणून मतदारांच्या सह्या गोळा करणं चालू आहे. तो कायदेशीर व्हावा असं तुम्हालाही मनापासून वाटतं ना? मग घरी काय बसलात? क्लिपबोर्ड घ्या, दोन पेनं घ्या आणि थेट इंडियन ग्रोसरीचं दार गाठा. शनिवारी सकाळी ताजी मेथी आलेली असते, गिऱ्हाइकांना तोटा नाही.

उभं राहायचं ते ट्रॉल्यांच्या रांगेला चिकटून.

"नको" म्हणणाऱ्याच्या मागे गाडीपर्यंत जा. हातात वीस पौंडी तांदळाची गोणी असली तर उत्तमच, पळून जाणार कुठे?

आता सावज. तरुण पोरं टाळा, ती प्रश्न विचारतात. सुती साडीवर स्पोर्ट्‌स शूज घातलेली बाई हेरा. मुलगा गाडी लावायला गेलेला असतो, तेवढी तीन-चार मिनिटं पुरतात. हात जोडून "नमस्ते" म्हणा. माझी आई गेल्या शनिवारी तिथेच विरघळली. गांजाचं नाव काढायचं नाही; 'प्लांट' म्हणा, 'मेडिसिन' म्हणा. आईला वाटलं, अडुळसा-गुळवेल वाचवायची मोहीम आहे. "किती गुणी मुलगा रे, उन्हात उभा होता बिचारा!" तिने झोकात देवनागरीत सही केली, खाली दोन रेघा, पासबुकावर करते तशी. पत्ता : सदाशिव पेठ, पुणे ३०. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, रकान्यात : पुणे. गुणी मुलाने "थँक्यू" म्हणून पान उलटलं. ओहायोच्या ८८ काउंट्यांपैकी निदान ४४ मधून ठरावीक सह्या लागतात. एकोणनव्वदावी त्याने दुकानाच्या दारातच मिळवली.

फॉर्म कोणाला वाचू देऊ नका. निवडणुकीच्या कागदावर खोटी माहिती देणं हा पाचव्या दर्जाचा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, असं त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं. अंगठा बरोबर तिथेच ठेवा.

आणि तक्रार घेऊन कोणी आलंच, तर हसा. मी मेथीची जुडी तशीच टाकून बाहेर धावलो. म्हटलं, बाबा, ती इथली नागरिक नाही, सहा महिन्यांसाठी नातवंडांना भेटायला आली आहे, नाव खोड. तर साहेब म्हणतात, "काळजी करू नका, ती सही बाद होईल."

बाद होईल?

मग घेतलीस कशाला? तुम्ही लोकांनी आधी २,२२,१९८ सह्या दिल्या होत्या, त्यातल्या १,२३,३६७ ग्राह्य धरल्या. लागत होत्या १,२४,०४६. ६७९ कमी पडल्या, म्हणून तर ही दहा दिवसांची मुदत आणि ही तुझी धावपळ! मान्य, बाद सह्यांत पत्ता बदललेले असतात, नोंदणीच न केलेले असतात. पण तुझ्या डोळ्यांदेखत पुणे लिहिलं जातंय आणि तू पान उलटतोस? पुढे त्याच कागदावर तूच लिहून देणार ना, की सह्या करणारे माझ्या माहितीप्रमाणे पात्र मतदार आहेत म्हणून?

आणि आईचं काय? तुझ्या लेखी एक सही बाद, विषय संपला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून, २०२३ सालीही, हेरॉइनच्याच यादीत आहे. व्हिसावर आलेली बाई मतदार म्हणून सही करून बसली आहे, तीही गांजासाठी. उद्या विमानतळावर कोणी तिला यावरून विचारलं, तर 'प्लांट' म्हणजे काय ते समजावायला तू येणार आहेस? सत्तरीची बाई चार रात्री झोपलेली नाही रे. रोज विचारते, "मला पकडतील का?"

आणि सगळ्यात कहर म्हणजे, मी गांजाच्या बाजूचा आहे. नागरिक आहे, मतदार यादीत नाव आहे, प्रश्न मतपत्रिकेवर आला तर नोव्हेंबरात 'हो' म्हणणार आहे. तुझ्या पुढ्यात दहा मिनिटं भांडत उभा होतो. माझी सही तू मागितलीसच नाहीस.

खोड ते नाव. माझ्यासमोर. दोन पेनं आहेत ना तुझ्याकडे?