पहिल्या बगीखाली बीटलची चासी नव्हती

बीच बगीवरच्या (वाळूवर चालवायच्या उघड्या, हलक्या गाडीवरच्या) तुमच्या लेखात म्हटलंय की, ही गाडी बनवणाऱ्या ब्रूस मायर्सची पहिली बगी फोक्सवॅगनच्या ‘बीटलची चासी कापून’, म्हणजे त्या मोटारीचा खालचा सांगाडा कापून झाली. तेवढं कृपया दुरुस्त करा. कॅलिफोर्नियात १९६४ साली बनलेल्या त्या ‘ओल्ड रेड’ला स्वतंत्र चासीच नव्हती, फायबरग्लासची बॉडीच सगळा भार पेलायची. इंजिन, गिअरबॉक्स मात्र फोक्सवॅगनचेच. तशी बॉडी महाग पडायची, म्हणून सुमारे १२ गाड्यांनंतर बीटलची चासी ३६ सेंटीमीटरने आखूड करून वापरणं सुरू झालं.

कापण्याबद्दल लेखात जेमतेम एक ओळ आहे, आणि खरं कसब तर तिथेच लागतं! चासीच्या मधल्या बोगद्यातून गिअरचा रॉड, क्लच-अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल आणि पेट्रोलची नळीसुद्धा जाते. ग्राइंडर लावण्याआधी टाकी उतरवून ती नळी काढलीच पाहिजे, यात तडजोड नको. रॉड आणि केबल नव्या मापाच्या कराव्या लागतात. वेल्डिंग करताना आधी नुसते टाके मारून (ठिकठिकाणी छोटे कच्चे जोड देऊन) चासीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते जुळले नाहीत तर पुढची-मागची चाकं एका रेषेत येत नाहीत आणि गाडी तिरकी धावते. अर्धवट वेल्डिंगवर चकचकीत बॉडी चढवलेली पाहिली की जीव धास्तावतो. पुढच्या भागात या जोडाचे जवळून काढलेले फोटो जरूर द्या.